गुऱ्हाळाच्या दिवसांत जन्मलेला

पेन यान, न्यूयॉर्क
१५ मार्च २००६

प्रिय अल्टा,

मुलगा झाला. शनिवारी सकाळी. दोन्ही पोरींपेक्षा वजनाने जास्त, डोक्यावर काळं दाट जावळ. नाव जोएल ठेवलं.

बाळंतपण सोपं गेलं, पण याने यायची वेळ बघ कशी निवडली! रात्री गोठतंय, दिवसा लख्ख ऊन. मेपलच्या झाडांना रसाच्या नुसत्या धारा लागल्यात. गुऱ्हाळाची भट्टी आठवडाभर विझलेली नाही. टायटस काहिलीपाशीच जेवतो आणि उभ्याउभ्याच पेंगतो. घरात पडद्यांना, पावाला, माझ्या केसांना, सगळ्याला पाकाचा वास. सांगू? बाळाच्या लंगोटालासुद्धा! काल रूथने लंगोट धुण्यात टाकताना हुंगला आणि ओरडली, “आई, यानं पाक केला!” हसून हसून माझं पोट दुखलं. टायटस म्हणाला, “झालं, गुऱ्हाळाला धनी मिळाला.” सासूबाई म्हणाल्या, “हसा. माझ्या दहांपैकी एक तरी असं उपयोगाचं मुतलं असतं तर!”

सुईणीबरोबरची नर्स टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायला येणार होती, तपासणीसाठी. तिची मोटार फाट्यावरच चिखलात रुतली. टायटसने घोडे लावून बाहेर काढली. मीच निरोप धाडला, रस उतरायचा थांबला की ये. एवढी घाई कसली?

बाळ प्यायला जरा आळशी आहे. तोंडात घेतो आणि झोपून जातो.

पोरी धुणं करतात ते बघून मला माझेच दिवस आठवतात. तुझ्या एलामच्या वेळी मी मिझुरीला तुझ्याकडे मदतीला आले होते, बारा वर्षांची. त्याचे लंगोट मीच धूत होते. किती गबाळी होते ना मी? काल धुण्याच्या टबाशी उभी असताना एलाम फार आठवला. कशाने कोण जाणे.

लवकर लिही. तुझं पत्र आलं की मला बरं वाटतं.

तुझी बहीण,
एर्मा


व्हर्सेल्स, मिझुरी
१८ मार्च २००६

प्रिय एर्मा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. जोएलचं स्वागत. टायटसलाही आमचा आनंद कळव.

लंगोटांना येतो तो वास वाफेचा. ओल्या कपड्याला वाफ फार चिकटते. वाळत घालायची दोरी गुऱ्हाळाच्या बाजूने काढून घराच्या मागे बांध, वारा पलीकडून येईल अशी. दोन दिवसांत फरक पडेल.

नर्सला मात्र बोलाव हं, रस्ता वाळला की. विसरू नकोस.

इकडे सगळं ठीक. आमच्या लुसेटाकडे लेव्ही दर रविवारी येऊन बसतो. लेव्हीचं घर मोठं आणि जपून चालणारं आहे. हिवाळ्याच्या आत पोरीचं लग्न ठरेल असं महलॉनला वाटतं. वाटाणे पेरून झाले.

एलामची आठवण काढलीस. त्याला चौदा वर्षं झाली. आता ते सगळं कशाला.

तुझी,
अल्टा


रॉचेस्टरच्या इस्पितळातून
२४ मार्च २००६

प्रिय अल्टा,

जोएल फार आजारी आहे.

पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने पिणं सोडलं. शुक्रवारी रडू लागला, बारीक, उंच, मांजराच्या पिल्लासारखं. आम्हाला वाटलं पोटात कळ असेल. रविवारी संध्याकाळी त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली आणि हातपाय सायकल चालवल्यासारखे फिरायला लागले. पंथाबाहेरच्या, मोटारवाल्या शेजाऱ्याने आम्हाला इथवर आणलं.

डॉक्टरने त्याला तपासलं, मग त्याच्या कानाजवळ नाक नेलं. सरळ उभा राहून त्याने टायटसला विचारलं, “तुमचा धंदा काय?” टायटस म्हणाला, “मेपलचं गुऱ्हाळ.” डॉक्टरने पुन्हा वाकून जोएलला हुंगलं.

अल्टा, या आजाराचं नावच मेपलच्या पाकावरून आहे. अशा बाळाच्या शरीराला दुधातली काही द्रव्यं पचवता येत नाहीत. ती साठतात, त्यांचं विष होतं आणि मेंदू सुजतो. वास त्याच विषाचा. मी त्याला थोपटून थोपटून उठवत होते, पी रे राजा, पी. माझंच दूध.

त्याचं रक्त यंत्रातून धुतात. रविवारपासून त्याने डोळे उघडलेले नाहीत. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणतो. नर्स सरळ मनाची पोरगी आहे. तिने विचारलं, “तुम्हाला वास आला नव्हता का?” मी टोपीच्या नाड्यांशी चाळा करत राहिले. वास आला होता. आम्ही हसलो होतो. नर्सला मी परत पाठवलं होतं, कारण रस उतरत होता. हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

टायटसने तुझं पत्र इथे आणून दिलं. तू सहा लेकरांची आई, आणि तुलासुद्धा तो वाफेचाच वास वाटला. दोरी हलव म्हणालीस. दिवसभर या खुर्चीत बसून मी तुझं ते एकच वाक्य वाचते. सध्या मी त्या वाक्याला टेकून बसले आहे.

एर्मा


व्हर्सेल्स, मिझुरी
२९ मार्च २००६

प्रिय एर्मा,

इथल्या सगळ्या बायका जोएलसाठी प्रार्थना करत आहेत. मीही करते.

कुणालाच कळलं नसतं. स्वतःला दोष देऊ नकोस. गुऱ्हाळाच्या घरात पाकाचा वास आला तर कोण घाबरेल? जे कुणाच्याच हातात नव्हतं त्याचा अपराध कसला?

डॉक्टर हा आजार घराण्यातून येतो असं म्हणतात का? तू हे कुणाकुणाला लिहिलं आहेस? लुसेटाचं अजून ठरलेलं नाही, म्हणून विचारते. लोक एकाचं दहा करतात.

त्याच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. निळी.

अल्टा


पेन यान, न्यूयॉर्क
२६ एप्रिल २००६

प्रिय अल्टा,

जोएलने इस्पितळातल्या बाराव्या दिवशी डोळे उघडले. आधी फक्त उजवा, मग आमच्याकडे बघून दोन्ही. आता आम्ही घरी आहोत. माझं दूध त्याला बंद. डब्यातली खास पावडर मोजून, कालवून द्यायची. डावी मूठ मिटलेलीच राहते. ती उघडेल की नाही, तो चालेल की नाही, डॉक्टर काहीच सांगत नाही. साधी सर्दी झाली तरी विष पुन्हा चढू शकतं म्हणे, म्हणून मी प्रत्येक लंगोट नाकाला लावते. आता नाही हसत.

तुझी गोधडी मिळाली. टाके नेहमीसारखेच बारीक.

रविवारी प्रभुभोजनाआधीची सभा झाली. बिशपनी एकेकाला विचारलं, देवाशी आणि माणसांशी तुमची शांती आहे का? एकेका बाकावरून ‘आहे, आहे’ येत होतं. माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणाले, “नाही.” सगळ्या टोप्या वळल्या. नुसतं नाही म्हटलं, का ते सांगता आलं नाही. मी उठून बाहेर आले. माझ्यामागे सासूबाई आल्या. मला वाटलं बोलणी खाणार. म्हणाल्या, “पंचेचाळीस वर्षं मी ‘आहे’ म्हणतेय, त्यातली निम्मी थापच असेल. चल, बग्गीत बस. तुला थंडी वाजेल.”

यंदा मी प्रभुभोजनाची भाकर घेणार नाही. माझ्या हातून झालं ते मला ठाऊक आहे.

डॉक्टरला घराण्याचा तक्ता करायचा आहे. कुणाची तान्ही बाळं गेली का, विचारत होता. मी सांगितलं, थोरल्या बहिणीचा एलाम, अकरा दिवसांचा, हृदय कमजोर होतं. बरोबर ना? आणखी एक. परवा लंगोट हुंगताना मला एकदम तुझं धुण्याचं घर दिसलं. टबात एलामचे कपडे, मी काहीतरी म्हणाले आणि तू मला रागावलीस, नाश्त्याचा पाक टबात सांडलास म्हणून. मी कधी सांडला ते मला तेव्हाही आठवत नव्हतं. तुला आठवतं का?

एर्मा


व्हर्सेल्स, मिझुरी
३ मे २००६

प्रिय एर्मा,

एलामचं हृदयच होतं. डॉक्टरांना तसंच सांग.

पाकाचं मला आठवत नाही.

पेरणीची घाई आहे, जास्त लिहीत नाही. आमचीही सभा झाली. सगळ्यांनी शांती आहे म्हटलं.

अल्टा


व्हर्सेल्स, मिझुरी
१५ मे २००६

एर्मा,

काल आमचं प्रभुभोजन झालं. मी भाकर घेतली, प्याला घेतला. मग रीतीप्रमाणे जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुवायची वेळ आली. माझ्या जोडीला म्हातारी फॅनी होती, ऐंशीच्या पुढची. ती बाकाला धरून कशीबशी खाली बसली. तिने माझे दोन्ही पाय घमेल्यात घेतले, धुतले, टिपले. “पाय केवढे गार गं तुझे!” म्हणाली आणि हसली. आता तिचे पाय मी धुवायचे होते. मला वाकता येईना. मी तशीच अनवाणी सगळ्यांच्या मधून चालत बाहेर बग्गीपर्यंत गेले. महलॉन मागून आला. “बरं नाही का?” मी म्हणाले, “आजारी नाही. खोटी आहे.” त्याला सगळं सांगितलं. आता तुला.

एलामला वास होता. तिसऱ्या दिवसापासून. टबाशी तू म्हणालीस, “अल्टा, याला गोड वास येतोय.” आमच्याकडे गुऱ्हाळ नव्हतं, सबब नव्हती. आदल्याच दिवशी मी बाळांचं रक्त तपासत फिरणाऱ्या नर्सला दारातून परत पाठवलं होतं. आमच्या लेकरांना सरकारी सुया नकोत, असं चारचौघींसमोर म्हणाले होते, आणि सगळ्या माना हलवत होत्या. मला तो वास यायला नको होता. म्हणून मी तुला रागावले. अकराव्या दिवशी तो गेला. हृदय, हे मीच ठरवलं. बघायला कुणी आलंच नव्हतं.

पाच वर्षांनी एक डॉक्टर आमच्या शाळेत बायकांशी बोलायला आला. त्याने याच आजाराचं सगळं सांगितलं. वास, मिटलेल्या मुठी, वाकलेली पाठ. मग विचारलं, “तुमच्यापैकी कुणाचं बाळ असं गेलंय का? बहिणींना सांगायला हवं, हे आईबाप दोघांच्या रक्तातून येतं.” कुणीच हात वर केला नाही. मी शालीची पिन काढून पुन्हा लावली.

तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. म्हटलं, लग्न ठरेल तेव्हा लिहू. ठरलं, तेव्हा वाटलं, ऐन आनंदात कशाला. तुझ्या दोन्ही पोरींच्या वेळी मी दिवस मोजले. दहा दिवस गेले की मला अन्न गोड लागायचं. प्रत्येक वेळी मला ठाऊक होतं, एर्मा.

तुझं मार्चमधलं पत्र मी टपालाच्या पेटीपाशी उभ्यानेच वाचलं. लंगोटाचं वाचलं तेव्हाच कळलं. घरात न जाता तशीच बग्गीदुरुस्तीच्या दुकानात गेले. घरात फोन ठेवत नाही आपण, तिथे आहे. आत लेव्हीचे वडील चाक घ्यायला आले होते. त्यांच्यादेखत काय बोलणार? ते हसून म्हणाले, “काय, विहीणबाई होणार ना आमच्या?” मी वंगणाचा एक डबा घेतला आणि परत आले. तो डबा अजून फळीवर आहे. तो शनिवार होता. तुम्ही जोएलला रविवारी संध्याकाळी नेलंत. दीड दिवस.

घरी येऊन मी दोरीचं लिहिलं. ते अजाणतेपणी लिहिलेलं नव्हतं. वाफेचा वास नाही हे मला माहीत होतं. तू त्या वाक्याला टेकून बसली आहेस असं तू लिहिलंस, आणि तरी मी तुला बसू दिलं. त्याला टेकू नकोस. ते खोटं आहे.

तू तुझ्या सभेत ‘नाही’ म्हणालीस. मी माझ्या सभेत ‘आहे’ म्हणाले. माफी मागायचं धाडस माझ्यात नाही. एवढंच सांगते, त्या दिवशी टबात पाक तू सांडला नव्हतास.

अल्टा


पेन यान, न्यूयॉर्क
९ जुलै २००६

अल्टा,

तुझं पत्र १९ मे रोजी आलं. ते वाचून मी गुऱ्हाळात गेले आणि रिकाम्या काहिलीत जाऊन बसले. टायटसने शोधत येऊन विचारलं, “काय करतेस?” म्हटलं, “बसलेय.” तोही आत येऊन बसला. त्याला पत्र दिलं. वाचून त्याने घडी घातली आणि खिशात ठेवलं. नंतर दिवसभर लाकडं फोडत होता. उन्हाळ्यात.

सात आठवडे मी तुझं नाव घेतलं नाही. सासूबाईंनी विचारलं, “मिझुरीला उत्तर नाही का लिहायचं?” म्हटलं, “लिहिलं तर त्यात शिव्या असतील.” म्हणाल्या, “मग शिव्या लिही. इकडे भांडी आपटून तिकडे ऐकू जात नाही.”

म्हणून लिहिते. दीड दिवसाने काय झालं असतं, हे मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, “मूठ कदाचित उघडली असती. कदाचित नाही.” मी ती मूठ रोज कोमट पाण्यात धरून उघडते, एकेक बोट. प्रत्येक बोटाला मला तुझा तो वंगणाचा डबा दिसतो. मी तुला क्षमा केलेली नाही. बिशप म्हणतात, केली असं म्हण, मग होईल. पण या घराण्यात नसलेलं ‘आहे’ म्हणणं खूप झालं.

आता माझं. हे मी टायटसलाही सांगितलेलं नव्हतं, काल सांगितलं. मार्चमधलं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर काढून बघ. लंगोटाचं लिहिलं, बाळ नीट पीत नाही लिहिलं, आणि लगेच एलामचं लिहिलं. कशाने आठवला कोण जाणे, असं लिहिलं. मला ठाऊक होतं कशाने. तोच वास होता. रूथ ओरडली तेव्हा हसता हसताच मी तो ओळखला. मी तुला विचारत होते, अल्टा. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून आडून विचारलं. तू ‘काही नाही’ म्हणावंस म्हणून विचारलं. तू म्हणालीस. तुझ्या उत्तराची वाट बघत मी पाळण्याशी बसून राहिले. फोन आमच्याही शेजाऱ्याकडे आहे.

तेव्हा दोघी.

जोएल हसायला लागला आहे. आवाज ऐकला की मान वळवतो. पण येत्या फेब्रुवारीत पुन्हा रस उतरेल आणि वाफ चढेल. टायटस गुऱ्हाळ बंद करायला निघाला होता, मी नको म्हटलं. आमची सगळ्यांची नाकं पाकाने मेली आहेत. भट्टी चालू असताना आम्हाला तो वास कळणार नाही, आणि आधी तोच येतो, ताप, झटके त्यानंतर. मला असं नाक हवं आहे जे पाकात वाढलेलं नाही आणि ज्याला तो वास पक्का ठाऊक आहे. असं एकच आहे.

फेब्रुवारीत ये, मार्च संपेपर्यंत राहा. पाहुणी म्हणून नाही. मी तुझ्याकडे आले होते तशी, धुण्याला. प्रत्येक लंगोट हुंगायचा आणि वहीत लिहायचं, आहे की नाही. खरं लिहायचं.

पण त्याआधी लुसेटाला सांग, आणि लेव्हीच्या घरी. सांगणार नसशील तर येऊ नकोस.

एर्मा


व्हर्सेल्स, मिझुरी
२४ जुलै २००६

एर्मा,

सांगितलं.

लुसेटाने ऐकून घेतलं. दोन दिवस नुसती काम करत राहिली. मग म्हणाली, “तो वास कसा असतो?” सांगायला गेले तर शब्द सापडेना. काल लेव्ही आणि त्याची आई आली होती. मी दुकानातून मेपलच्या पाकाची बाटली आणून ठेवली होती. चौदा वर्षांत ती या घरात आली नव्हती. चमचाभर पाक तव्यावर टाकला, जरासा करपू दिला आणि त्यांच्यासमोर तवा धरला.

लुसेटाने हुंगलं, लेव्हीने हुंगलं. त्याची आई वाकली आणि तशीच खुर्चीवर बसली. म्हणाली, “आमच्या दुसऱ्याला असाच होता. नऊ दिवसांचा होता. मी म्हणायचे, साबण बदलला म्हणून.” डॉक्टर शाळेत आला त्या दिवशी ती माझ्या मागच्याच बाकावर होती.

मुलांचं रक्त तपासायला पाठवलं आहे, दोघांचंही. लग्नाचं त्यानंतर. ती दोघं मागच्या पायरीवर बसून हळू आवाजात बोलत होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या आत त्या तव्याकडे बघत बसलो होतो. कुणालाच तो घासावासा वाटेना.

फेब्रुवारीत येते. एप्रन माझा मी आणीन. वही तू दे.

अल्टा